आमची वाटचाल : अकरा फळ्यांचं दुकान

जांभळी नाक्यावरून कौपीनेश्वर मंदिराकडे निघालं की ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरची पहिली गाडी ज्या ठाण्यात आली, तिथल्याच स्टेशनातून आजोबांचा माल हातगाडीवर यायचा.

दुकान बांधणाऱ्याला आमचा धंदा कळत होता, असं मला अजून वाटतं. ओटा कमरेएवढा उंच, त्यामुळे रस्त्यात उभ्या गिऱ्हाइकाच्या बरोबर हाताशी पराती आणि घंगाळी येतात. आत सागवानी खांब, तुळया, वर कडीपाटाचा माळा. शटर नाही. अकरा फळ्या, प्रत्येकीवर कोरलेला आकडा, खाचेत त्याच क्रमाने सरकवायच्या. सातवी पावसाळ्यात फुगते. ती तिरकी धरून कशी बसवायची, हे बाबांनी मला मोडीत आलेल्या जुन्या भांड्यांचा हिशेब शिकवण्याआधी शिकवलं.

मधे स्टीलची लाट आली. आम्हीही काही वर्षं स्टील विकलं आणि तग धरला.

खरी चूक झाली ती भिंतीत. ओल आली म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला. तीन पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि भिंतीत बसवलेल्या तुळईचं टोक इतकं मऊ झालं, की बोट रुतायचं. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटने ती आत कोंडली होती. एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी सगळं सिमेंट काढलं, महिनाभर भिजवलेला चुना वाळूत मळून लावला. सुतारांनी कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा जोड दिला. त्या वर्षीची निम्मी कमाई त्यात गेली, पण तो खर्च मला कधीच टोचला नाही.

तेव्हाच कौलं उतरवली. खालच्या अंगाला ठसा होता, ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’. मला कोण आनंद झाला! पाटीवर ‘इमारत १८६५’ असं रंगवूनही घेतलं. पुढे कळलं, ते मंगलोरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल, नंतरच्या कौलांवरही तेच उमटायचं. दुसऱ्याच दिवशी पाटीवरून ते पुसून घेतलं. गिऱ्हाइकाला वजन चोख द्यायचं, तर सालही चोखच हवं.

शेजारच्या इमारती पाडल्या गेल्या, आमचीही पाडून नवी बांधायची का, अशी विचारणा होते. सध्या माळ्यावर समयांची नवी मांडणी करतोय, सगळा भार भिंतीवर न येता खांबांवर उतरेल अशी.