पेटीतला माउथपीस

ट्रॉम्बोन या सरकनळीच्या, फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याबरोबर आलेला माउथपीस ठेवावा की काढून टाकावा, हा प्रश्न पडणारी मराठी माणसं जगात फार नसणार. मला पडतो, कारण मिशिगनमध्ये राहून शाळेच्या बँडमधल्या मुलाचा बाप झाल्यावर जुने ट्रॉम्बोन घ्यायचे, घासूनपुसून पुढे द्यायचे, असं एक व्यसन मला लागलं. ट्रॉम्बोन येतात आणि जातात. माउथपीस मात्र येतात आणि राहतात. स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर त्यांनी बळकावला आहे. तो उघडला की असा काही खडखडाट होतो की घरातलं जनमत लगेच माझ्या विरोधात जातं.

हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माउथपीस म्हणजे मुठीत मावणारा पितळी पेला, वर चांदीचा मुलामा. त्याचा गोल काठ ओठांवर टेकतो, त्याला रिम म्हणतात. आत कप, कपाच्या तळाला बारीक भोक, आणि खाली निमुळती होत गेलेली दांडी, म्हणजे शँक. ती वाद्याच्या नळीत खोचून किंचित फिरवायची, की बसली. ठोकायची नाही. तरी ठोकणारी मुलं असतातच. मग माउथपीस असा अडकतो की तो काढायला पुलर नावाचं खास स्क्रूवालं अवजार लागतं, आणि ते हाताशी नसेल तर पक्कड घेऊन धावून येणारे वडील असतात. अशा वडिलांमुळे इथल्या वाद्यदुरुस्तीवाल्यांचा संसार चालतो. असो. मुद्दा हा की आवाज सुरू होतो तो इथे, ओठांच्या थरथरीतून. पुढची नऊ फुटांची नळी ती थरथर फक्त मोठी आणि सुरेल करते.

माझ्या घरापासून दक्षिणेला, सीमा ओलांडली की इंडियानातलं एल्कहार्ट हे गाव लागतं. अमेरिकेतल्या पितळी वाद्यांची ती राजधानी म्हणायला हरकत नाही, आणि तिची सुरुवातच मुळी माउथपीसपासून झाली. चार्ल्स जेरार्ड कॉन हा तिथला किराणा-बेकरीवाला, यादवी युद्धात लढून आलेला, गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं एक वाद्य, वाजवायचा. सांगतात ते असं की एका मारामारीत त्याचा ओठ फाटला आणि थंडगार धातूचा काठ सोसवेना. म्हणून त्याने काठाला रबर बसवलेला माउथपीस करून पाहिला. जुन्या शिवणयंत्राच्या सांगाड्यावर लेथ, म्हणजे कातयंत्र, उभा केला आणि १८७५ साली पेटंट मिळवलं. बाकीच्या वादकांनाही तो हवासा वाटला. पुढे त्या रबराच्या कडीवर केवढा कारखाना उभा राहिला!

माउथपीसपासून सुरुवात केलेला दुसरा कारखानदार व्हिन्सेंट बाख. संगीतकार बाखशी याचा संबंध नाही, मूळ आडनाव श्रॉटेनबाख. व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये जन्मलेला हा ट्रंपेटवादक १९१४ मध्ये न्यूयॉर्कला आला. त्याचा लाडका माउथपीस एका दुरुस्तीवाल्याने बिघडवून ठेवला आणि मनासारखा दुसरा कुठे मिळेना. तेव्हा १९१८ मध्ये त्याने एक लेथ घेतला आणि स्वतःच कातायला बसला. त्याचे ट्रंपेट आले १९२४ च्या सुमाराला, ट्रॉम्बोन त्याहूनही नंतर. म्हणजे एकाचा ओठ फाटला, दुसऱ्याचा माउथपीस बिघडला, आणि त्यातून दोन मोठी घराणी निघाली. आज ही दोन्ही नावं एल्कहार्टच्या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. आणि ज्या वस्तूपायी हे सगळं घडलं ती आता वाद्याच्या पेटीत फुकट टाकून मिळते.

साडीबरोबर ब्लाऊजपीस येतं, तसं. रंग जुळतो, पोत जुळतो, किंमत धरलेली असते, पण शिवायचं म्हटलं की मापाचं नसतं. मग ते कपाटात जातं, कुणाच्या तरी ओटीत पडतं, तिच्या कपाटात जातं, आणि काही वर्षांनी आपल्याच घरी परत येण्याचीही शक्यता असते. १२सी या आकड्याचा बाखचा माउथपीस अमेरिकेत नेमका असाच फिरतो. शिकाऊ ट्रॉम्बोनबरोबर वर्षानुवर्षं तोच देत आलेत. सहावीतलं पोर त्यावर पहिलं फूं करतं, वर्ष-दोन वर्षांत बँडचे मास्तर सांगतात की आता जरा मोठा, ६½एएल घ्या, आणि १२सी पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

या आकड्यांचीही एक गंमत आहे. बाखच्या पद्धतीत आकडा लहान तितका माउथपीस मोठा. यामाहा या दुसऱ्या वाद्यकंपनीच्या पद्धतीत बरोबर उलट. त्यांचा ४८ हा साधारण बाखच्या ६½एएलच्या जवळचा. नवख्या पालकाने दुकानात जाऊन ‘याहून मोठा द्या’ म्हणावं आणि लहान घेऊन घरी यावं, याची पुरेपूर सोय करून ठेवलेली आहे. बाखच्या कोष्टकात १२सीच्या कपाचा व्यास २४.५ मिलिमीटर दिलाय आणि ६½एएलचा २५.४. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण पोराच्या चेहऱ्यावर तो लगेच दिसतो. खालचे सूर आतापर्यंत खोकल्यासारखे येत होते, ते एकदम भरून येतात.

मग कंपनी आधीच बरा माउथपीस का देत नाही? माझ्या मते तिला दोष देण्यात अर्थ नाही. ओठ कुणाचे, दात कसे, जबडा पुढे की मागे, हे तिला कुठून कळणार? ती आपला एक अंदाज पेटीत ठेवते. वाद्य जितकं भारी तितका हा अंदाज करण्याचं धाडस कमी होत जातं, आणि निवडून-जुळवून बनवलेल्या महागड्या ट्रॉम्बोनबरोबर तर बहुतेकदा माउथपीस येतच नाही. तिथे गिऱ्हाईक खिशातून आपला काढतं.

हे मला सगळ्यात चांगलं समजावलं ते पुण्यातल्या एका बँडवाल्याने. वरात मंगल कार्यालयाच्या दाराशी थांबली होती. त्याच्या ट्रॉम्बोनचा माउथपीस दुसऱ्याच कुठल्या तरी वाद्याचा असावा, कारण दांडीला कागदाची पट्टी गुंडाळून तो नळीत घट्ट बसवला होता. काठावरची चांदी उजव्या बाजूला पार उडालेली, पितळ पिवळंधमक दिसत होतं. म्हणजे गृहस्थ किंचित उजवीकडे धरून वाजवत असणार, तेही कित्येक वर्षं. मी सुट्टीला येताना देऊन टाकण्यासाठी आणलेला एक १२सी खिशातच होता. विचारलं, ‘दादा, हा बसेल का बघा बरं.’

‘बसवला की बसतो, साहेब,’ म्हणून त्याने तो लावला, दोन सूर काढले, ओठावरून जीभ फिरवली आणि काढून परत दिला. ‘चांगलाय. पण आपला आपल्याला बरा.’ आणि पट्टी पुन्हा नीट गुंडाळून पुढच्या गाण्याला लागला.

आता इतकं सगळं माहीत असून मी ते ठेवतो कशाला? तर सरसकट ठेवत नाही. शिकाऊ वाद्याचे १२सी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, आतून ब्रश फिरवून (त्या नळीत मुलांच्या न्याहारीचा सगळा इतिहास साचलेला असतो) शाळेच्या बँडला देतो. तिथे दर वर्षी कुणीतरी हरवतंच. मुलामा उडून काठाचं पितळ उघडं पडलेले कुणाला देत नाही, काहींच्या ओठांना त्याची खाज सुटते. दांडीचं टोक चेपलेले मात्र टाकू नयेत, दुरुस्तीवाला निमुळता दांडा आत घालून ते पुन्हा गोल करून देतो. आणि ज्यावर ना नाव ना आकडा, असा एक आहे, तो बायकोने नरसाळं म्हणून वापरायला घेतलाय. शिवणयंत्राच्या तेलासाठी उत्तम चालतो म्हणे. कॉनसाहेबांना ऐकून बरं वाटलं असतं.

टाकायच्या आधी काठाखालची अक्षरं मात्र भिंग घेऊन वाचावीत. बाखचा कारखाना १९५३ पासून काही वर्षं न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननला होता. त्या गावाचं नाव कोरलेला माउथपीस जुन्या पेटीत निघाला तर तो कचरा नव्हे, त्याच्यासाठी लोक चांगले पैसे मोजतात.

त्याहून जपावा असा म्हणजे रेमिंग्टनचा. एमरी रेमिंग्टन हे रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल या संगीतशाळेत १९२२ पासून १९७१ मध्ये वारेपर्यंत ट्रॉम्बोन शिकवत होते. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्यांच्या शिष्यांची आणि शिष्यांच्या शिष्यांची गणती करणं अवघड. कॉनच्या ८८एच या ट्रॉम्बोनबरोबर त्यांच्या नावाचा माउथपीस यायचा, आणि त्याच्या दांडीचा उतार इतरांपेक्षा वेगळा होता. जुन्या ८८एचमध्ये माउथपीस ज्या नळीत बसतो तिलाही तोच उतार. पेटीतून तो माउथपीस कुणी काढून घेतला, की पुढच्या माणसाला दुकानातला कुठलाही साधा माउथपीस नीट बसत नाही आणि कारण कळत नाही. तो बिचारा वाद्यालाच नावं ठेवतो.

असा एक ८८एच मी मध्यंतरी विकायला काढला. बघायला आलेला मुलगा कॉलेजात संगीत शिकणारा. खिशातून चामड्याच्या छोट्या पिशवीतला स्वतःचा माउथपीस काढला, आमच्या दिवाणखान्यात उभं राहून लावला. तो पूर्ण आत जाईना, आणि गेला तेवढाही डुगडुगत होता. त्याचा चेहरा पडला. मी पेटीतल्या मखमली खोबणीतून रेमिंग्टन काढून दिला. तो खट्‌दिशी बसला. मुलाने एक लांब सूर लावला, सरकनळी खालपर्यंत नेली आणि वर आणली. वाद्य त्याला आवडलं हे कळत होतं. काठ आवडला नव्हता, हेही.

‘नळी बदलून घेईन,’ तो म्हणाला, ‘माझाच बसेल अशी. हा तुम्ही ठेवून घ्या, मला काय उपयोग?’

म्हटलं, नेऊन ठेव. उद्या तू हे विकशील तेव्हा घेणारा जुनी नळी परत लावून मागेल. फक्त खोबणीत घट्ट बसव, पेटीत सुटा सोडलास तर घरंगळून सरकनळीला पोचा पाडील, आणि मग मला फोन करशील. त्याने तो खोबणीत दाबून बसवला, पेटी हलवून पाहिली, आणि मग आम्ही पन्नास डॉलरवरून घासाघीस सुरू केली.