करवंदाचा वास आणि न सापडलेलं मांजर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी वास बनवतो, म्हणजे अगरबत्ती, फिनाईल, हँडवॉशवाल्यांना लागणारं कंपाउंड. गुलाब, मोगरा, चंदन, लिंबू, आलटूनपालटून तेच. मागच्या मे मध्ये पेठकडच्या एक ताई आल्या, घरी साबण करतात, म्हणाल्या दादा मला करवंदाचा वास पाहिजे. सोबत पानाच्या द्रोणात करवंदं पण आणलेली. मी म्हटलं एवढंच ना, होऊन जाईल.

कसलं होतंय. करवंद फोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं, वास जवळपास नाहीच, हाताला चीक लागला तेवढा. (पोरांनी कोंबडा की कोंबडी करत निम्मा द्रोण संपवला ते वेगळंच.) मग डोक्यात प्रकाश पडला, अरे करवंद आपल्याला आठवतं ते जिभेवरून, आंबटपणाला वास कुठे असतो? नाकाला फक्त फसवायचं.

आंबट बेरीचा भास करायला परफ्यूमवाले कॅसिस वापरतात, म्हणजे आपलं आइस्क्रीमवालं ब्लॅककरंट. पण फळ नाही हं, कळी. फ्रान्सच्या बरगंडी भागात हिवाळ्यात त्या झुडपाच्या मिटलेल्या कळ्या तोडतात आणि त्यातून सॉल्व्हंटने घट्ट अर्क म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट काढतात, गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या 1969 च्या शामाद परफ्यूममध्ये हीच कळी आहे. आमच्याकडे सॅम्पल म्हणून आलेली 10 ग्रॅमची बाटली कपाटात पडून होती, महाग माल म्हणून कोणी हातच लावत नव्हतं.

मी उघडली आणि शहाणपणा केला, डायल्यूट न करता ब्लॉटर (वास घ्यायची कागदी पट्टी) बुडवला, वर एसी चालू, खिडक्या बंद. पाच मिनिटांत पॅकिंगच्या मावशी नाकाला पदर लावून आत, "अगं बाई, मांजर मुतलंय हितं!" ऑफिसबॉय टॉर्च घेऊन सिंकखाली शिरला, कपाटं सरकवली, साहेब केबिनमधून ओरडतायत की पार्टी बसलीय समोर, आणि मी गप. ब्लॉटर खिशात. त्या कळीत गंधकवालं एक थायॉल असतं, कणभर पुरे होतं, आणि मांजराच्या मुतात पण त्याच खानदानातलं एक असतं, मग मावशींचं नाक चुकेल कसं!

ती पार्टी म्हणजे साहेबांचे मित्र, गंगापूरकडच्या वायनरीत काम करणारे. ते केबिनबाहेर आले, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "सोव्हिन्यो ब्लाँ उघडली काय?" त्या द्राक्षाच्या वाईनमध्ये पण असलीच थायॉलं असतात म्हणे, आणि ते त्यांना चक्क हवं असतं. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला हा एकच माणूस.

मग नीट कामाला लागलो. डीपीजीत, म्हणजे वास पातळ करायच्या बिनवासाच्या द्रवात, 1 टक्का सोल्यूशन, त्याचे पण थेंबच. पिकल्या जांभळ्या भागासाठी आयोनोन नावाचं सुगंधी रसायन, थोडं ग्रेपफ्रूट. कॅसिस न घालता केलेली ट्रायल नुसती शाळेबाहेरची गोळी, गोडगोड. थेंब पडला की त्याच गोडाला धार यायची, गालात पाणी सुटायचं. घाण बाजूला काढली तर आंबट पण जातं, हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं, कोणी शिकवत नाही.

चार दिवसांनी ताई आल्या. ब्लॉटर हुंगून डोळे बारीक केले, चिंच चाटल्यासारखं तोंड. मी खूश. तर म्हणतात, "करवंद हाय, पण जाळी कुठंय?" टेबलावर सुकलेला द्रोण तसाच पडलेला, तो उचलून माझ्या नाकाखाली धरला. सुकलं पान, चीक, धूळ. बरोबर होतं बाईचं. त्या रात्री सिस-थ्री-हेक्झेनॉल घातलं, कापल्या गवतासारखा वास येतो तो, पण जेमतेम. ट्रायल 7 त्यांनी घेतली, 2 किलो.

मांजर काही सापडलं नाही. मावशी अजून जाताना लॅबच्या दाराखाली फळी लावतात आणि मी रोज सकाळी ती काढून बाजूला ठेवतो.