आईचं मनगट

चार दिवस झाले परभणीला परत येऊन, पण तो बांगड्यांचा आवाज काही डोक्यातून जाईना.

मुंबईत आईच्या दवाखान्याचं काम दुपारपर्यंत उरकलं होतं, परतीची देवगिरी एक्सप्रेस रात्रीची. दादाकडं परत जायचं दोघींच्याही मनात नव्हतं, ते जाऊ दे. मी म्हणले आई, चल तुला जहांगीर दाखवते. वीस वर्षं झाली पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवतेय, वर्गात दरवर्षी सांगते की १९५२ पासूनची गॅलरी आहे, तिकीट नाही, कुणीही जावं, आणि आपल्याच आईला कधी नेलं नव्हतं. तिथं तिनं सगळं शांतपणे बघितलं. मग काळाघोड्यालाच दुसऱ्या एका लहान गॅलरीत शिरलो, आजच्या कलाकारांचं काम असतं तिथं.

तिथं भिंतीवर वाकळ टांगलेली. म्हणजे खाली पाटीवर कापड आणि दोरा, मिश्र माध्यम असं काहीतरी होतं, पण वाकळच ती. जुन्या साड्यांचे धडपे एकावर एक, लाल धावदोरा, मधेच टाके सोडून दिलेले आणि दोरे तसेच लोंबत ठेवलेले. मला फार आवडलं ते. ते लोंबते दोरे बघून पोटात काहीतरी हललं.

आई इतका वेळ माझ्या मागं मागं चालत होती ती एकदम पुढं झाली. चष्मा वर केला, अगदी जवळ गेली. "टाका बारीक हाय गं, पण दोरा ओढून घेतलाय, कापड चुरमडलंय बघ." आणि तिनं हात पुढं केला, कोपरा दोन बोटांत धरून उलटवायला, कारण वाकळीचं खरं काम उलट्या बाजूनंच कळतं.

मी तिचं मनगट धरलं. जोरात. बांगड्या वाजल्या, त्या शांत हॉलमधे केवढ्यानं वाजल्या. वॉचमन पार त्या टोकाला खुर्चीवर होता, त्यानं तर आवाज ऐकून मान वर केली.

आई काही बोलली नाही. हात पदराखाली घेतला आणि मग बाहेर पडेपर्यंत दोन्ही हात पदरातच.

हात लावू नये हे मला कळतं की. बोटांचं तेल, घाम कापडाला लागतो, वर्षानुवर्षं साठत जातो. अजिंठ्याला सहल नेते तेव्हा मीच पोरांना दटावते. तिथं तर जपायला गेलेल्या हातांनीही नुकसान केलं, निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवले, त्यांनी चित्रांवर लावलेलं वार्निश पुढं पिवळं पडलं. तेव्हा नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. वॉचमननं हटकलं असतं तर आई "बरं दादा" म्हणून बाजूला झाली असती, विसरूनही गेली असती. पण धरलं मी. बाजूला दोन मुली उभ्या होत्या, छान कपडे, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांच्यादेखत माझी आई... हे वाक्य पूर्ण करवत नाही.

दवाखाना मी बघायचा, रिपोर्ट मी सांभाळायचे, सुट्ट्या माझ्या जायच्या आणि एक दुपार बरी जावी म्हणून नेलं तर तीही मीच नासवली. परवा रात्री रडलेसुद्धा यावर. तिचं ते मनगट, किती बारीक झालंय, माझ्या मुठीत उरून जागा राहिली.

आणि गाडीत, मनमाड गेल्यावर, मला वाटलं झोपली, तर खालच्या बर्थवरून विचारते, "त्याच्या मागून गाठी दिसत असतील का गं?" म्हणजे इतका वेळ ती अजून त्या कोपऱ्यापाशीच होती. मनगटाचं तिच्या मनातही नव्हतं. किंवा असेल, पण त्याहून तिला गाठींचं पडलं होतं. बरंच वाटलं मला, खोटं का बोलू.

आज दुपारी ती ओसरीत वाकळ घेऊन बसली होती. मी शेजारी बसून कोपरा उलटवला. एकही गाठ दिसेना. म्हणाली, दोन थरांच्या मधे दडवायची असती, अंगाला टोचू नये म्हणून. मग सुई थांबवून विचारलं, "त्या बाईला म्हणलं असतं तर दाखवली असती मागची बाजू?"

टेबलाशी एक बाई बसलेली होती खरी. मी म्हणले, माहीत नाही आई, मी विचारलंच नाही.

"मग पुढच्या महिन्यात रिपोर्टाला जायचंच हाय. तवा विचार."