दोघांची तिकिटे: एक पीएनआर की दोन?

गेल्या दिवाळीत नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जायचे ठरले, तेव्हा कॉलेज रोडवरच्या घरी ओट्यावर चहा उकळत असताना मी मोबाइलवर एका प्रवाशाचे भाडे पाहिले, ते ४,२०० रुपये होते. प्रवासी दोन केल्यावर मात्र तेच भाडे प्रत्येकी ५,१०० रुपये दिसू लागले. बायकोला वाटले, मी तारीखच चुकवली. तसे नव्हते. एकाच विमानातील जागा निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात, आणि स्वस्त गटात एकच जागा उरली असेल, तर एकत्रित बुकिंगला संगणक सहसा दोघांनाही वरच्या गटाचे भाडे लावतो. वेगवेगळी तिकिटे काढली असती, तर नऊशे रुपये वाचले असते.

तरीही मी एकत्रच काढली. पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, वेगळे असले, की विमान कंपनीच्या लेखी आपण एकमेकांचे कोणीही नसतो (लग्नाला कितीही वर्षे झालेली असोत). उड्डाण रद्द झाले तर एकाला सकाळच्या आणि दुसऱ्याला रात्रीच्या विमानात जागा मिळू शकते, आणि नाशिकहून उड्डाणे मोजकीच असल्याने कसारा घाट उतरून मुंबई गाठण्याची वेळ येते.

सहकाऱ्याबरोबर कामानिमित्त जाताना मात्र मी निःसंकोचपणे स्वतंत्र तिकीट काढतो, कारण त्याची बैठक लांबली आणि परतीची तारीख बदलावी लागली, तरी एकाच पीएनआरमधून दोघांना वेगळे करून घेण्यासाठी ग्राहक सेवेला फोन लावून ताटकळत बसावे लागत नाही.