काडी ओढायची नोकरी: पाटणचा सडा, जाळरेषा आणि भाच्याची भरती

डोंगराला वणवा लागला की आम्ही सातारकर काय करतो, तर गॅलरीत येतो. मार्च महिन्यात रात्री यवतेश्वरच्या अंगाला लाल माळ दिसते, कोणीतरी फोटो स्टेटसला टाकतो, खाली हळहळ, सकाळी काळा पट्टा आणि विषय संपला. मी पण त्यातलाच. दोन वर्षांपूर्वी गावाकडं कोणीतरी बांध पेटवला आणि निघून गेला, त्यात मामांची आंब्याची पाच कलमं गेली, तेव्हापासून तर रानात काडी ओढणारा माणूस म्हणजे माझ्या लेखी सरळ गुन्हेगार.

त्यामुळं भाचा मोबाईल पुढं करून म्हणाला, "मामा हे बघ, हे लोक जंगल स्वतः पेटवतात आणि त्याचा पगार घेतात", तेव्हा मला वाटलं हे पोरगं बिघडलं. व्हिडिओत पिवळ्या शर्टातली माणसं, हातात चोच असलेला डबा, त्यातून पेटतं तेल थेंब थेंब गवतावर पडतंय आणि माणूस फुलझाडांना पाणी घालत चालल्यासारखा निवांत चाललाय. तिकडं अमेरिकेत याला ठरवून लावलेली आग म्हणतात. आधी कागदावर प्लॅन करायचा, वारं किती, हवेत ओल किती, गवत किती वाळलंय, सगळं बघायचं आणि मगच पेटवायचं. मोठी आग लागायच्या आधी तिचं खाद्य कमी करून ठेवायचं, असा हिशेब.

भाचा बारावी सायन्स झालाय, वनरक्षक भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो. माझा एक वर्गमित्र पाटण भागात वनरक्षक आहे, त्याला सहज फोनवर हे सांगितलं तर तो हसला. "अरे आम्ही दर वर्षी तेच करतो की, जाळरेषा म्हणतात त्याला, जानेवारीत ये आणि पोराला घेऊन ये."

मग जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी निघालो. साताऱ्यातून बाईकवर हायवेनं उंब्रज, तिथं फाट्यावर चहा आणि गरम वडा, मग आत वळून मल्हारपेठ, पाटण. थंडी अशी की हँडलवरची बोटं चहाच्या ग्लासाला चिकटवूनच सुटी करावी लागली. पाटणच्या पुढं चढ लागला आणि वर आलो तर सडा. बाहेरच्यांसाठी सांगतो, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार, पावसाळ्यात इथं फुलं आणि धुकं बघायला गाड्यांची रांग असते आणि जानेवारीत चिटपाखरू नसतं. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, कुसळं सॉक्समधून थेट कातडीपर्यंत, आणि क्षितिजावर वनकुसवड्याकडच्या पवनचक्क्या.

मित्र, शेजारच्या बीटवरच्या (बीट म्हणजे एका वनरक्षकाची हद्द) वनरक्षक मॅडम आणि आठ रोजंदारी माणसं आधीच आली होती. पट्टा दोन दिवस आधी कापून ठेवलेला. म्हणजे दोन्ही कडांचं गवत कापून आत ओढलेलं आणि मधे कोरडं गवत तसंच उभं. आता मधलं जाळायचं, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये खालून वणवा आला तर इथं त्याला खायला काही राहणार नाही.

मला वाटलं लगेच पेटवतील. छे. दोन तास नुसतं बसलो. दुपारी दरीतून वारं वर चढतं, ऊन उतरलं की ते पडतं आणि हवेत जरा ओल येते, तेवढ्या वेळात काम उरकायचं असतं. मजुरांमधले एक साठीचे बाबा होते, सगळे त्यांना नाना म्हणत होते, ते सारखे पवनचक्कीकडं बघत होते. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, "पाती कुठं तोंड करून हायती आन किती पळत्यात ते. येवढं मोठं यंत्र सरकारनं आमच्यासाठी फुकट लावलंय." मित्राच्या मोबाईलमध्ये हवामानाचं ॲप होतं, पण पेटवायचं कधी हे नानांनीच ठरवलं.

आणि पेटवलं ते वरच्या टोकाकडून! मी आयुष्यभर उलटं समजत होतो. आग चढाला पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून तयार ठेवतात, म्हणून वरून आणि वाऱ्याच्या विरुद्ध लावली की ती बिचारी मागं मागं सरकत हळू खात जाते. नानांच्या हातात तो चोचीचा डबा नव्हता, काठीला गुंडाळलेला पलिता होता. पाच-सहा पावलं, टेकवला, थांबले, बघितलं, पुन्हा पाच-सहा पावलं. दोन्ही कडांना बाकीचे निरगुडीचे ओले डहाळे घेऊन, जीभ बाहेर आली की थाप. मॅडमच्या पाठीवर ब्लोअर, त्या कडेचा पालापाचोळा आत उडवत होत्या. त्यांचं सगळं लक्ष आगीपेक्षा पाठीमागच्या न जळलेल्या गवतावर, कारण ठिणगी उडते ती तिकडं.

तेवढ्यात एक ठिणगी माझ्यावरच आली. मी शहाणा नायलॉनचं जॅकेट घालून गेलो होतो, बाहीला रुपयाएवढं भोक पडलं आणि कडा वितळून मनगटाला चटका. मॅडम ओरडल्या, "दादा ते काढा आधी! आगीवर सुती कपडे घालून यायचं असतं." भाचा मात्र कॉटनचा फुल शर्ट घालून आलेला, व्हिडिओत बघून. मामाची इज्जत तिथंच जळाली.

मग मॅडमनी दोघांना उभं करून विचारलं, आत्ता वारं फिरलं तर कुठं पळाल? मी दरीकडं बोट दाखवलं. चूक. भाच्यानं जळून गेलेल्या काळ्या पट्ट्याकडं दाखवलं. बरोबर, जे जळलंय ते परत जळत नाही. तमिळनाडूत कुरंगणीला मार्च २०१८ मध्ये ट्रेकला गेलेली वीसपेक्षा जास्त माणसं गेली, ती अशीच डोंगरउतारावर आगीत सापडली होती, हे त्यांनी सांगितलं आणि नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

सातच्या सुमाराला काम संपलं, म्हणजे मला वाटलं संपलं. पुढचा तासभर सगळे बॅटरी घेऊन धुमसणारी शेणं आणि लाकडाचे ठोकळे शोधत होते. वाळलेलं शेण रात्रभर आत धुमसतं म्हणे आणि पहाटे वारं आलं की उठतं.

रात्री मित्राच्या खोलीवर पिठलं-भाकरी आणि करिअर गायडन्स. मित्रानं आधी भारतीय वन सर्वेक्षणाचे मेसेज दाखवले, उपग्रहाला कुठं उष्णता दिसली की नोंदवलेल्या मोबाईलवर अलर्ट येतो, सामान्य माणूसही आपला नंबर नोंदवू शकतो. एक जुना उपग्रह किलोमीटरचा चौकोन बघतो आणि नवा ३७५ मीटरचा. "पण त्याला काय कळतंय पेटवलीय का लागलीय, बघायला आम्हालाच जावं लागतं." मग भरती. वनरक्षकाला बारावी, पुरुषांना ५ किलोमीटर पळणं आणि बाईंना ३, नंतर चार तासांत २५ किलोमीटर चालणं, बाईंना १६. वरच्या जागांना एमपीएससीची वनसेवा, त्याच्याही वर यूपीएससीची. वनशास्त्राची डिग्री करायची तर दापोली किंवा अकोला. भाच्यानं लगेच अमेरिका काढली, तिथं पाठीवर २० किलो घेऊन ४५ मिनिटांत जवळपास पाच किलोमीटर चालायची परीक्षा असते, पळायचं नाही, फ्लोरिडात १९९८ पासून फक्त आग लावायचं शिकवणारं केंद्र आहे, आणि आगीच्या वागण्याचा पहिला कोर्स घरबसल्या नेटवर होतो. सरकारी नोकरीला मात्र बहुतेक ठिकाणी तिथलं नागरिकत्व लागतं, हे त्याने जरा हळू आवाजात सांगितलं.

मित्र म्हणाला, "कोर्स कर, पण तिथलं फ्लोरिडा इथं आणू नको. तिथले पाइन आगीवर वाढलेत, आपलं कोयनेचं सदाहरित जंगल एकदा जळलं की गेलं. इथं पेटवायची ती रेषा, जंगल नाही." त्यालाही एकच उत्तर नाही म्हणा. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा लोक उन्हाळा तापायच्या आधी हलकी आग लावायचे, ती बंद झाल्यावर घाणेरी माजली असं ते सांगतात. आणि आपल्याकडं पाटण-जावळीत बायका भाताचा तरवा, म्हणजे रोपं करायची जागा, भाजतातच की, ढेकळं, पाला, शेण रचून, वारं बघून, कडेनं माती ओढून. माझी आजी भाजायची. तिला कोणी कुठलं सर्टिफिकेट दिलं?

हेच मला रात्रभर टोचत होतं. नाना गेली तीस वर्षं पेटवतायत, हंगामापुरती रोजंदारी, ओळखपत्र नाही, आणि बूट म्हणाल तर स्लीपर. उद्या माझा भाचा पाच किलोमीटर पळून त्यांचा साहेब होईल आणि नानाच त्याला शिकवतील पलिता कसा धरायचा. भरतीच्या मार्कांत आगीला किती मार्क? शून्य.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हट्टाखातर कराडवरून ताकारी आणि कुंडल. पत्री सरकारचं कुंडल, आता तिथं वन खात्याची प्रबोधिनी आहे, वनक्षेत्रपालांचं, म्हणजे रेंजरचं, प्रशिक्षण होतं. आम्ही गेटबाहेरूनच बघितलं, रविवार होता. भाच्यानं गेटसमोर फोटो काढला आणि स्टेटसला नाही टाकला, म्हणाला आत गेल्यावर टाकीन. तिथून सागरेश्वर. उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी नाद धरून झाडं वाढवली आणि १९८५ ला अभयारण्य झालं, जेमतेम अकराएक चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. वर चढून खालचा कृष्णेकाठचा हिरवागार ऊस बघत बसलो. कुंपणाच्या आत चितळांचा कळप उभा, सगळीकडं तेच कालचं वाळलं गवत, आणि मी पहिल्यांदाच कुठं फिरायला जाऊन मनातल्या मनात वारं कुठून येतंय, चढ कुठला आणि इथं रेषा कुठून ओढावी असं मोजत होतो. भाचा म्हणाला, वरून. म्हटलं, माहितीये रे.

रात्री नवाला साताऱ्यात पोचलो. ताईनं दार उघडलं, आधी भाच्याचा शर्ट हुंगला, मग माझ्या बाहीतल्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "पोराला अभ्यासाला नेतो म्हणालास ना रे?"