धातूचा जुना क्लॅरनेट जपताना

धातूचा क्लॅरनेट अनेकांना ट्रम्पेटचा भाऊबंद वाटतो. पण त्याचा नाद रीडच्या, म्हणजे मुखाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीच्या, कंपनातून उमटत असल्याने त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांच्या कुळातच होते आणि निगाही त्याच नात्याने राखावी लागते. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत असे क्लॅरनेट मोठ्या संख्येने तयार होत. आजोबांनी गावच्या बँडमध्ये वाजवलेला आणि आता माझ्याकडे असलेला क्लॅरनेट त्याच घडणीचा आहे. त्याची नळी जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची असून तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लाकडी क्लॅरनेटला तडा जाण्याची धास्ती असते. याला ती नाही. मात्र त्याचे पॅड, म्हणजे नळीवरची भोके झाकणाऱ्या मऊ गाद्या, चाव्यांच्या वाट्यांत लाखेने बसवलेले आहेत. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत पळसावर आणि कुसुमावर घेतात तीच ही लाख, आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत ती मऊ पडली की पॅड तिरपे होतात, हवा निसटते आणि खालचे सूर नीट लागत नाहीत. अशी गळती शोधण्यासाठी अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिवा सोडावा. ज्या पॅडच्या कडेने उजेड दिसेल, तो दोषी.

पावसाळ्यात चाव्यांच्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. म्हणून वाजवून झाल्यावर दोरीला बांधलेले मऊ सुती फडके नळीतून ओढून घ्यावे, ओलसर पॅडखाली पातळ कागद क्षणभर दाबून धरावा आणि मगच वाद्य पेटीत ठेवावे. चाव्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचे तेल पुरते, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकेच.

माझा ठाम आग्रह आहे तो चकाकीबाबत. लग्नसराई आली की चिंच, राख किंवा पॉलिशची पावडर घेऊन वाद्य घासण्याची आपल्याकडे रीत आहे, पण प्रत्येक घासणीत चांदीचा मुलामा झिजतो आणि उरलेले कण सांध्यांत शिरून ते खात राहतात. काळवंडलेली चांदी सुराला बाधत नाही. कोरड्या मऊ फडक्याने हाताचा घाम पुसला तरी पुष्कळ झाले. एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, मुखपात्रही गरम पाण्याने धुऊ नये, कारण त्याने ते हिरवट-तपकिरी पडते आणि त्याला गंधकाचा वास सुटतो. कोमट पाणी आणि थोडा साबण पुरेसा आहे.