तुम्ही विचारलंत म्हणून : माळ घालून मिळालं काय?

मटणाच्या पंगतीतून उठलो की कोणीतरी विचारतंच, एवढं पथ्य पाळून तुला विठ्ठलाकडून मिळालं काय, समाधान तरी आहे का? दरवेळी हसून सोडून देतो, आज एकदाच सगळं सांगतो.

2011 ला कार्तिकीच्या वारीत आळंदीला ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ गळ्यात पडली. दारू-मटण बंद, एकादशी, संध्याकाळी हरिपाठ, ते मला जड गेलंच नाही. तेव्हा ठाम वाटायचं की आपल्या वागण्यात खोट नसली की देव आपसूक जवळ येतो.

तेव्हा मी दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट मोजायला होतो, फॅट कमी लागलं की दुधाला भाव कमी. दिवाळीच्या बोनसला पैसे कमी पडतात म्हणून वरून सांगणं आलं की मशीनवर काय यायचं ते येऊ दे, वहीत दोन पॉइंट कमी लिही. घरी हप्ते होते, पोरीची फी होती, हे कारण म्हणून सांगतोय असं वाटत असेल तर वाटू द्या, पण खरं आहे. मी लिहिलं. पाच महिने. त्यात माझी सख्खी चुलती होती, दोन वेळचं मिळून 14 लिटर घालायची, मशीनवर 3.6 दिसायचं आणि मी 3.4 लिहायचो, आणि ती कधी मशीनकडे बघायचीच नाही, म्हणायची, माळकरी माणूस काट्यावर बसलाय, मी कशाला बघू.

ते वाक्य ऐकून मी हरिपाठाला गेलोय. टाळ वाजवलाय.

शेवटी हिशोब काढला, तिचे 1260 रुपये निघाले, ते घेऊन रात्री तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तिने पैसे मोजून घेतले, डब्यात ठेवले, मग म्हणाली, "पैशाचं जाऊ दे रे, पण फॅट लागत नाही म्हणून तुझ्या काकांनी मला पाणी घालते म्हणून बोल लावले, दोनदा हात उचलला, ते कुठल्या वहीत लिहिशील?"

मी केंद्र सोडलं. बाकीच्यांचेही जमतील तसे दिले, सगळ्यांचे नाही जमले. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली म्हणतात, पण ती त्यांना लोकांकडून येणं होती, माझ्याकडे तर लोकांचं देणं आहे.

तर समाधान? माळ घातली तेव्हा निष्कलंक होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा विठ्ठलाची मला गरजच नव्हती, मी माझ्यावरच खूश होतो. आता गरज आहे. आता हरिपाठाला बसतो तेव्हा कधीकधी आत काहीतरी शांत होतं, चार ओव्या जेमतेम टिकतं. पण मग वाटतं, काकींच्या अंगावरच्या माराच्या जिवावर मला देव कळायचा असेल तर तो कळणं मला चालेल का? नाही चालत.

माळ काढायचीही दोनदा मनात आली, काढली नाही. का ते मलाही नीट सांगता येत नाही. काकी आता समोरच्या दुसऱ्या डेअरीला दूध घालतात, आणि मशीनवरचा आकडा दिसेपर्यंत तिथून हलत नाहीत.